वजन उचलल्याने मुलांची उंची खुंटते का?

माझ्या अकरा वर्षांच्या मुलाने डंबेल्स मागितले, तेव्हा उंची खुंटेल ही घरातल्यांची भीती माझ्याही मनात होती. मात्र जाणकाराच्या देखरेखीखाली योग्य पद्धतीने केलेल्या अशा व्यायामाचा उंचीवर किंवा हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चेवर दुष्परिणाम दिसत नाही, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली स्पष्ट केले आहे. (तालमीतले जोर आणि बैठका हेही स्वतःच्या शरीराचे वजन उचलणेच आहे.) वयात येण्यापूर्वी ताकद वाढते ती मुख्यतः स्नायू फुगल्यामुळे नव्हे, तर मज्जासंस्था त्यांना अधिक चांगल्या रीतीने कामाला लावू लागते म्हणून, त्यामुळे दंड भरत नाहीत म्हणून घाईने वजन वाढवणे मला चुकीचे वाटते. लहानांच्या हातापायांवर वजन पडून इजा होते, म्हणून आमचे डंबेल्स कुलपात असतात.