आतून भिजणारी पोरं

मृगाचा पाऊस पडो न पडो, जूनच्या पहिल्या आठवड्यात महाद्वार रोडवर रेनकोट लटकायला लागतात. पोरगं कोटावरचं चित्र बघतं, आई किंमत बघते आणि दुकानदार म्हणतो, "वहिनी, दोन नंबर मोठाच न्या, तीन वर्षं बघायला नको." कोट उलटा करून आतली शिवण मात्र कोणीच बघत नाही. पाणी तर तिथूनच शिरतं.

कापड कितीही पक्कं असलं तरी शिवताना सुईनं त्याला शेकडो भोकं पाडलेली असतात. चांगल्या कोटात ही शिवण आतून पारदर्शक पट्टीनं गरम दाबून बंद केलेली असते. खांद्याची आणि टोपी जोडलेली शिवण आधी तपासावी, कारण पाऊस पडतो तो थेट तिथंच आणि दप्तराचे पट्टेही तिथंच रुततात. पट्टी नसेल तर घरी कोट उलटा करून, बाहीचं तोंड मुठीत आवळून, तांब्याभर पाणी आत ओतावं. दहा मिनिटांत कुठं ठिबकतं ते कळतं. तेवढ्याच जागी शिवण बंद करायचा डिंक लावून रात्रभर वाळवला की काम भागतं.

कोल्हापूरचा पाऊस मात्र एकच एक नसतो. मे महिन्यातला वळीव ढगांचा गडगडाट करत येतो, अर्ध्या तासात सगळं धुऊन निघून जातो. त्याला वळचण पुरते. खरी परीक्षा जुलैतली. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागते, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे कधी उघडतात याची चर्चा चहाच्या गाड्यावर रंगते आणि झड बसते ती दिवसचे दिवस उठत नाही. पोरं म्हणून काही घरात बसत नाहीत. या गावात चिखल झाला म्हणून फुटबॉल थांबला असं कधी होत नाही.

पळणाऱ्या पोराला घाम येतो. बाजारातला जाड प्लॅस्टिकचा कोट पावसाचा थेंब आत येऊ देत नाही, तसा घामाचा थेंब बाहेरही जाऊ देत नाही. घरी आल्यावर शर्ट ओला दिसला की आई म्हणते कोट गळका निघाला. कोट बिचारा अजिबात गळलेला नसतो. उभं राहून बसची वाट बघायला हा कोट ठीक. खेळायला, सायकल मारायला पातळ पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा, आतून पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा) लेप दिलेला बरा.

महागड्या कोटांवर दोन आकडे छापलेले असतात. पहिला मिलिमीटरमधला: कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला की पाणी झिरपायला लागतं, त्याचा. 1500 म्हणजे साधा पाऊस अडतो. ओल्या बाकावर बसणं आणि दप्तराचा दाब धरला तर मुलांना 3000 ते 5000 हवा. दुसरा आकडा वाफ बाहेर जाण्याचा, आणि आमच्या मते त्याच्यासाठी इथं पैसे घालवू नयेत. आतली हवा बाहेरच्यापेक्षा दमट असेल तरच वाफ कापडातून बाहेर पडते. जुलैत बाहेरच हवा इतकी ओलीचिंब की वाफ जाणार कुठं? त्यापेक्षा पाठीवर झडपेखाली जाळी आणि काखेत भोकं असलेला स्वस्त कोट जास्त कामाचा.

गगनबावडा, शाहूवाडीकडं रोपलावणीला वापरतात ते इरलं हेच सांगतं. बांबूच्या कामट्या आणि पानांचं हे इरलं पाठ पूर्ण झाकतं, पण पुढून आणि खालून उघडं असतं. वाकून काम करणाऱ्याला पाऊस लागतो पाठीला. बाकी अंगाला वारा मिळाला पाहिजे.

ऊब कोटातून येत नाही, ती आतल्या कपड्यातून येते. सुती बनियन घाम पिऊन अंगाला चिकटतं आणि खेळ थांबला की तेच पोराला कुडकुडवतं. खेळायची पातळ पॉलिएस्टरची जर्सी लवकर वाळते. शहरात तेवढी पुरते. पन्हाळ्यावर किंवा मसाई पठारावर नेणार असाल तर वर एक फ्लीसचा किंवा लोकरीचा पातळ थर द्या. तिथला वारा पावसापेक्षा जास्त गारठवतो. लोकर भिजली तरी थोडी ऊब धरून ठेवते, म्हणून तर धनगराच्या खांद्यावरचं घोंगडं पावसातही उतरत नाही.

आता ते "दोन नंबर मोठा" प्रकरण. एक नंबर मोठा घ्यावा, दोन नाही. पोराला हात वर करायला लावा, मग उकिडवं बसवा: बाही मनगटाच्या वर सरकू नये आणि कोट पायात येऊ नये. मान वळवली की टोपीही वळली पाहिजे, नाहीतर सायकलवर मागचा ट्रक दिसत नाही. टोपीला लोंबती नाडी नको, ती कुठंही अडकून गळा आवळते; इलॅस्टिक चालतं. पोंचो दप्तरासकट झाकतो, पण सायकलवर त्याचं टोक आऱ्यांत जातं. रंग पिवळा किंवा केशरी. निळा, काळा कितीही आवडला तरी संध्याकाळच्या झडीत तो दिसत नाही. आत नाव मार्करनं लिहाच, वर्गात तसलेच आणखी दहा असतात.

गमबूट घेतला तर अंगठ्यापुढं एक बोट जागा ठेवावी आणि पँट बुटाच्या वरून सोडावी. आत खोचली की ओघळ थेट पायाशी जातो. तरी गुडघाभर पाण्यात बूट भरायचाच. शाळेपुरती मागं पट्टा असलेली प्लॅस्टिकची सँडल बरी. कॅनव्हासचा बूट मात्र जूनमध्ये भिजला की गणपतीपर्यंत वाळत नाही.

घरी आल्यावर कोट घडी करून दप्तरात कोंबून ठेवू नये. आधी उलटा, मग सुलटा असा पंख्याखाली टांगावा. गरम पाणी आणि इस्त्री वर्ज्य. सीझन संपल्यावर कोट ओलसरच माळ्यावर गेला तर आतला पीयूचा लेप चिकट होऊन पापुद्र्यांनी सुटतो, आणि तो पुन्हा बसवता येत नाही. असल्या कोटाची टोपी कापून सायकलच्या सीटवर चढवावी. निदान शाळा सुटल्यावर पोरगं कोरड्या सीटवर बसेल.