कॅनडाला कास्टिंग पाठवताना: लाकडी पेट्यांच्या शिक्क्याचा माझा अनुभव

कोल्हापूरला आमची छोटी फाउंड्री आहे. पहिल्यांदाच कॅनडातल्या हॅलिफॅक्सची ऑर्डर मिळाली आणि बायरने कळवलं की लाकडी पॅकिंगवर आयएसपीएम १५ चा (लाकडातून कीड देशोदेशी पसरू नये म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का पाहिजेच, नाहीतर माल देशाबाहेर परत. एवढं कडक का म्हणून शोधलं तर त्यांच्याच गावची गोष्ट सापडली. तिथे कंटेनर टर्मिनलला लागून पॉइंट प्लेझंट पार्क आहे, तिथली स्प्रूसची (सूचिपर्णी) झाडं मरायला लागली आणि १९९९ मध्ये कळलं की हा युरोपातला तपकिरी, लांब मिशांचा भुंगेरा आहे, बहुतेक पॅकिंगच्या लाकडातून आलेला. १९९० मध्येच तो सापळ्यात सापडला होता पण तिथलाच स्थानिक किडा समजून नमुने ठेवून दिलेले! वाचून खरंच वाईट वाटलं. अळी सालीखाली बोगदे करत खाते, झाडाचा अन्नरस तुटतो, मग ती लाकडात शिरून कोष करते, त्यामुळे नुसतं बघून फळी चांगली की किडकी ते सांगताच येत नाही.

आमचा नेहमीचा पेटीवाला म्हणाला, "साहेब, जुन्या शिक्क्याची फळी पुढं ठोकतो, कोण बघतंय?" त्याला तिथंच नाही म्हटलं आणि लाकूड तापवून कीड मारणारा सरकारमान्य भट्टीवाला शोधला. पाईन न्यूझीलंडचं होतं, गांधीधामहून आलेलं. सगळ्यात जाड ठोकळ्याला भोक पाडून आत सेन्सर घालतात आणि गाभ्यात ५६ डिग्री झाले की तिथून सलग ३० मिनिटं मोजतात, चेंबरमधल्या हवेचं तापमान धरत नाहीत, म्हणून ग्राफची प्रिंट मागून घ्याच. मग शिक्का: गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, आयएन (म्हणजे भारत), युनिटचा नंबर आणि एचटी (म्हणजे हीट ट्रीटमेंट, लाकूड तापवलेलं). हाताने काढलेला चालत नाही. सालीचे छोटे तुकडे नियमात बसतात, तरी मी साल असलेल्या फळ्या काढायलाच लावल्या.

खरी धावपळ स्टफिंगला, म्हणजे कंटेनरमध्ये माल भरताना झाली. पेट्या हलू नयेत म्हणून कंटेनरमध्ये ठोकळे मारतात ना, त्यांनाही शिक्का लागतो हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, आणि पोरं आजूबाजूला पडलेलं कुठलंही लाकूड उचलून ठोकत होती. सगळं काढायला लावलं, शिक्क्याचे ठोकळे मागवले, उशीर झाला पण माल तिकडे अडला नाही.

पुढच्या ऑर्डरला प्लायवूडच्या पेट्या बघतोय. प्लाय गोंद, उष्णता आणि दाबाने बनतो म्हणून त्याला हा नियम नाही, पण खालचे पाय पाईनचे असतील तर त्यांच्यावर शिक्का पाहिजेच.