लांबीवरून माशाचं वजन निघतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न बहुतेक वेळा जोडीनेच येतो: काटा नसेल तर टेपने मोजून नदीतल्या माशाचं वजन सांगता येतं का, आणि सूत्रातला ‘ब’ ३ पेक्षा कमी आला म्हणजे मासे उपाशी आहेत का? पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं, एवढ्यावरून नाही.

सूत्र असं: वजनासाठी लांबीचा ब घात काढायचा आणि त्याला अ ने गुणायचं. अ आणि ब हे त्या जातीचे बरेच मासे मोजून काढलेले आकडे. ब बरोबर ३ असेल तर लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होतं. सेंटिमीटर आणि ग्रॅममध्ये अ ०.०१ धरा. २० सेंमीचा मासा ८० ग्रॅमचा, ४० सेंमीचा ६४० ग्रॅमचा. ब ३.१ केला की तेच आकडे सुमारे १०८ आणि ९२५ होतात. म्हणून ब दोन दशांशांपर्यंत तरी द्यावा, आणि अ शिवाय एकटा ब कधीच देऊ नये. वाम लांबोळकी, तिचा अ ०.०१ च्या बराच खाली. कटला पोटाळ, त्याचा वर. एकाचं सूत्र दुसऱ्याला लावलंत तर गणित चोख आणि उत्तर हास्यास्पद.

खरी गडबड गणितात नाही, मोजफळीवर होते. तोंड मिटलेलं, नाक आडव्या पट्टीला टेकलेलं, मासा सरळ. मग शेपटीच्या टोकापर्यंत मोजली ती पूर्ण लांबी. शेपटीचा पर जिथे सुरू होतो तिथपर्यंतची ती प्रमाण लांबी. समजा प्रमाण लांबी २० आणि पूर्ण २५ सेंमी आहे. पूर्ण लांबीच्या सूत्रात २० घातलेत तर वजन जवळजवळ निम्मं येतं. म्हणून कोणती लांबी घेतली ते तक्त्याच्या डोक्यावरच लिहा. शेपटी कुरतडलेला मासा बाजूला ठेवा.

वजनाआधी मासा फडक्याने टिपायचा. किलोभराच्या मरळीला पाण्याचे चार थेंब कळत नाहीत, पण २ ग्रॅमच्या पिल्लाला ०.२ ग्रॅम पाणी चिकटलं तर ती दहा टक्क्यांची चूक. अशी पिल्लं जड दिसतात, लांबी-वजनाच्या आलेखातल्या रेषेचं खालचं टोक वर उचललं जातं आणि ब खोटाच कमी येतो. फॉर्मॅलिनमधला (मासे टिकवायच्या द्रावणातला) मासा आखडतो, वजनही बदलतं. ताज्या माशांच्या यादीत तो मिसळू नये.

एकाच आसाच्या, म्हणजे एकाच मापाच्या छिद्रांच्या, गळजाळ्याचाही (मासे कल्ल्यांशी अडकवणाऱ्या जाळ्याचा) असाच खोडा. त्या आसात लहानांपैकी जाडजूड अडकतात आणि मोठ्यांपैकी बारीक. पुन्हा ब खाली. दोन-तीन आसांची जाळी वापरा, जोडीला फेकजाळं टाका. पिल्लापासून मोठ्यापर्यंत सगळे आकार हवेत. एकाच मापाचे दोनशे मासे मोजण्यापेक्षा सगळ्या मापांचे साठ बरे.

आकडे आले की लांबी आणि वजन दोन्हींचा लॉग घ्या आणि आधी आलेख काढा. रेषेपासून लांब पडलेला ठिपका म्हणजे बहुधा लिहिताना चुकलेलं दशांशचिन्ह असतं. मग सरळ रेषा बसवा: उतार तो ब, आणि छेदाचा (रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते त्या आकड्याचा) प्रतिलॉग तो अ. ब चा ९५ टक्के विश्वासांतराल (खरा ब ज्या पट्ट्यात असावा तो) ३ ला कवेत घेत असेल तर ‘३ पेक्षा कमी’ असं म्हणू नका.

आता उपाशीपणाचं. ब सांगतो की वाढताना माशाचा आकार बदलतो का: ३ पेक्षा जास्त म्हणजे मोठे मासे लांबीच्या मानाने भरदार, कमी म्हणजे सडपातळ. अंगावर मांस किती हे पाहायचं तर ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ ले क्रेन यांनी १९५१ मध्ये मांडलेला सापेक्ष निर्देशांक वापरा: प्रत्यक्ष वजन भागिले त्याच लांबीला सूत्राने येणारं वजन. सूत्र १०८ म्हणत असेल आणि काट्यावर ९६ आले तर ०.८९. पण महिना न पाहता यावरही बोलू नका. आपल्याकडे रोहू, कटला, मृगळ पावसाळ्यातल्या पुरात अंडी घालतात. कोकणात पहिल्या पावसाला वलगणीचे मासे चढतात ते गाबोळीने भरलेले. ती मादी जड, आणि अंडी टाकून झालेली तीच मादी हलकी. दोघींत भूक कुठेच नाही. म्हणून नर, मादी आणि महिना यांचे रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा. शेवटी आठवून भरायचे म्हटलं तर ते रिकामेच राहतात.