"चिडका झालाय" म्हणून सोडून देऊ नका

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. दादाचं दुकान तळमजल्यावर, घर वर. वीज गेली, मोबाइल बंद पडले आणि तो जिन्यात टॉर्च धरून बसला, पाणी कितव्या पायरीवर आलंय ते बघत. पुढे पाणी ओसरलं, चिखल उपसला, दुकान पुन्हा लागलं. लोकांच्या लेखी पूर संपला.

दादाचा संपला नव्हता. पावसाची सर आली की मध्यरात्री उठून खाली जायचा. खालच्या फळीवर मालच ठेवेना. पूल नको म्हणून लांबचा वळसा घ्यायचा. ओल्या चिखलाचा वास आला की तळहात घामाने भिजायचे. वहिनीवर, पोरांवर खेकसायचा. सगळे म्हणायचे, चिडका झालाय. पुरुषांच्या बाबतीत हे फार होतं. तो रडला असता तर कुणीतरी जवळ बसलं असतं. चिडला म्हणून माणसं लांब राहिली.

अशा प्रसंगानंतर झोप उडणं, दचकणं साहजिक आहे आणि बहुतेकांचं ते हळूहळू कमी होतं. पण महिना उलटूनही तेच चालू असेल, कामधंद्यावर आणि घरावर परिणाम होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. डॉक्टरांनी पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगाच्या धक्क्याने होणारा मानसिक आजार, म्हटलं तेव्हा वहिनी एवढंच म्हणाली, "म्हणजे हा स्वभाव नव्हे."

त्या रात्रीबद्दल दादा समुपदेशकांशी बोलला, पण त्याला झेपेल तसं. येणारे-जाणारे "सांग ना, काय काय झालं" म्हणून खोदून विचारत, ते मी थांबवलं. जबरदस्तीने उकरून काढल्याने त्रास वाढू शकतो. पूलही टप्प्याटप्प्यानेच आला: आधी लांबून बघायचा, मग उघडीप असताना वहिनीसोबत अर्ध्यापर्यंत जायचं. छाती धडधडली की पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे, श्वास सावकाश सोडायचा आणि समोर दिसतील त्या पाच वस्तूंची नावं घ्यायची. दादा दुकानातल्याच घेतो: वजनकाटा, कॅलेंडर, बरण्या, सुतळी, स्टूल. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने झोपेच्या गोळ्या आणू नका. दारूने झोप लागते असं वाटतं, पण दुखणं वाढतं.

जुलै अजून जड जातो. म्हणून जूनमध्येच कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर ठेवतो आणि वेळ आली तर कुणाकडे जायचं ते ठरवतो. त्याने दादाला खरंच बरं वाटतं. दवाखान्याची पायरी चढायचा संकोच वाटत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा. मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.