तुम्ही विचारलंत म्हणून: आकाशी सोडून दुसरं काय?

‘पांढरा आणि आकाशी घालून कंटाळा आला. पण ऑफिसात विचित्रही दिसायचं नाही. सुरुवात कुठून करू?’ आमच्या ऑफिसात नव्याने रुजू झालेली पोरं कधी ना कधी मला हे विचारतातच. मी सोमवारी पिस्ता आणि बुधवारी विटकरी घालून येतो, तरी ऑडिटरसमोर मलाच बसवतात, याचं त्यांना नवल वाटतं.

तर, पँटला हात लावू नका. राखाडी, नेव्ही ब्लू, बदामी एवढ्या पँटी पुरतात. रंग आणायचा तो शर्टात, आणि पहिला फिका गुलाबी. पोरं त्यालाच सगळ्यात जास्त बिचकतात. पण आपल्या सावळ्या चेहऱ्याला तो उजळवतो आणि राखाडी, नेव्ही दोन्हींवर बसतो. दोन दिवस कुणी टोमणा मारेल, तिसऱ्या दिवशी विसरेल. पिस्ता मात्र जपून. हिरव्यातल्या काही छटांनी माणूस काविळीतून उठल्यासारखा दिसतो, म्हणून कापड हनुवटीखाली धरून आरशात बघा. (वकील मित्रांना यातलं काही लागू नाही. त्यांचं काळं-पांढरं ठरलेलं.)

आता खरी गोष्ट: रंग कुठे बघता. आपल्याकडे नागपुरात इतवारी, गांधीबागेसारखे कापडबाजार असताना पोरं मोबाइलवर शर्ट मागवतात आणि आल्यावर म्हणतात, फोटोत वेगळा होता. दुकानातल्या दिव्याखालीही फसगत होतेच. कापड आपल्या पदरचं काही देत नाही. दिव्यात जे रंग असतील त्यातलेच परत पाठवतं. ट्यूबलाइटखाली शांत वाटलेला जांभळा उन्हात भडक निघतो, आणि एकाच राखाडीच्या वाटलेल्या दोन पिसांपैकी एक बाहेर हिरवट दिसतो. म्हणून मी पीस उचलून सरळ रस्त्यावर येतो. गांधीबागेतले जुने दुकानदार याचं वाईट वाटून घेत नाहीत. ‘घेऊन जा नं भाऊ बाहेर, कापड काही पळून नाही राहिलं,’ म्हणतात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात. 1877 साली इथे एम्प्रेस मिल सुरू झाली, आता तिच्या जागेवर मॉल आहे. पण कापड बोटांत चुरून बघणारी माणसं अजून या बाजारात भेटतात. त्यांच्याकडे शर्टाला रंगीत ताणा (उभे धागे) आणि पांढरा बाणा (आडवे धागे) असलेलं सुती कापड मागा. रंग असतो, पण ओरडत नाही. नवशिक्याला याहून सोपं काही नाही. 58 इंची पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, असेल तर पूर्ण बाहीला साधारण 1.60 मीटर पुरतं, उंच किंवा पोट सुटलेल्यांनी शिंप्याला आधी विचारावं.

गडद रंगांना आपल्याकडे मोसम असतो. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, आणि कोरड्या हवेत घाम वाळला की गडद शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात. साहेबांच्या केबिनमधून बाहेर पडताना नेमके तेच दिसतात. उन्हाळ्यात फिके घाला: गुलाबी, पिस्ता, लव्हेंडर, लिंबाच्या सालीचा पिवळा. बाटली हिरवा, विटकरी, जांभूळ हे डिसेंबरसाठी राखून ठेवा. विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे तेव्हा गावभर पांढरे कुर्ते आणि जाकिटं फिरत असतात, त्यात विटकरी शर्ट फार रुबाबदार दिसतो. जाकीट घ्यायचंच असेल तर भंडाऱ्याकडच्या टसर रेशमाचं घ्या. त्याचा मूळचा मधासारखा रंग कशावरही जातो. आणि धुतलेले शर्ट उलटे करून सावलीत वाळवा, आपलं ऊन रंग खातं.

मॅचिंग मोजे, रंगीत टाय यावर माझं काही मत नाही. नागपुरात टाय कोण लावतं?

एकाने विचारलं, संत्र्याच्या गावचे आपण, तर नारिंगी शर्ट का नको? रविवारी घाला की. कचेरीत अख्खा नारिंगी मला तरी झेपत नाही. पांढऱ्यावर नारिंगीची बारीक रेघ असेल तर मात्र मीही घेईन. इतवारीत कुठे दिसलीच तर सांगा, माझा नंबर 42.