खानापूरला कोलारचा चालतो, शिनोळीचा नाही

निवडणूक जवळ आली की आमच्या बेळगाव-खानापूर भागात बाहेरचा उमेदवार बाहेरचा उमेदवार म्हणून ओरड सुरू होते, पण कायद्याच्या लेखी बाहेरचा कोण हे फार कमी लोकांनी बघितलंय, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

संविधानाच्या कलम 173 मध्ये विधानसभेसाठी मुख्य अटी दोनच, भारताचा नागरिक पायजे आणि वय 25 पूर्ण पायजे, बाकीचं संसदेवर सोडलंय. संसदेनं 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 5 घातलं, की त्या राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असलं की बस. कुठल्याही! म्हणजे कर्नाटकातल्याच कोलारचा मतदार पाचशे किलोमीटरच्या वरनं येऊन खानापुरात अर्ज भरू शकतो, त्यानं आयुष्यात कणकुंबीचा पाऊस बघितलेला नसला तरी. आणि शिनोळीचा माणूस, जो हद्दीवरचं बाची गाव ओलांडून रोज बेळगावात कामाला येतो, ज्याचा बाजार इथला, दवाखाना इथला, पोरं इथल्या कॉलेजात, त्याचं नाव चंदगड मतदारसंघात, म्हणजे महाराष्ट्रात, म्हणून बेळगाव ग्रामीणमधनं तो उभारू शकत नाही. राज्याची हद्द आहे, ते मान्य, पण राज्याची हद्द एवढी कडक आणि मतदारसंघाची हद्द काहीच नाही हे मला पटत नाही.

गंमत नाही सांगत, सूचकाला, म्हणजे अर्जावर उमेदवाराचं नाव सुचवून सही करणाऱ्याला, मात्र त्याच मतदारसंघाची अट आहे. माझे मामा एकदा महाराष्ट्र एकीकरण समितीच्या उमेदवाराचे सूचक होते. समितीचे उमेदवार अपक्ष म्हणून उभारतात, त्यामुळं एक नाही तर दहा सूचक लागतात आणि दहाच्या दहा त्याच मतदारसंघातले मतदार पायजेत. मामांनी यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक आदल्या रात्री तीनदा तपासून कागदावर लिहून खिशात ठेवला होता, कारण सूचकाच्या नोंदीत चूक झाली की छाननीत अर्जच अडचणीत येतो. आणि खुद्द उमेदवार दुसऱ्या मतदारसंघातला असला तर त्यानं काय करायचं, तर तिकडच्या यादीची प्रमाणित प्रत जोडायची, एवढंच. सही करणारा गावचा पायजे आणि निवडून जाणारा कुठलाही चालतो, हे कसं काय?

राहण्याबद्दल कायद्यात काहीच नाही असं नाही हं. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 19 आणि 20 बघा, यादीत नाव यायला तिथं 'सर्वसाधारण रहिवासी' असावं लागतं आणि नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कुणी रहिवासी होत नाही. पण किती महिने राहिलं पायजे हे कुठंच नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात एक वर्ष राज्यात आणि निवडणुकीआधी सहा महिने त्याच मतदारसंघात राहायची अट आहे, इलिनॉयमध्ये तर मतदारसंघात दोन वर्षं. आपल्याकडं ग्रामपंचायतीला उभारायचं तर त्याच पंचायतीच्या मतदार यादीत नाव लागतं, मग आमदारकीला का नको?

कुणी म्हणेल लोकांना बाहेरचा नको असेल तर पाडतील की. बरोबर आहे, पण तिकीट लोक देत नाहीत, आणि दोन-तीन मोठ्या पक्षांनी वरनं आणलेलीच नावं दिली तर लोकांच्या हातात उरतं काय? भीमगड जंगलातल्या गावांत पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरनं चिखलातनं आणावं लागतं, तो रस्ता वनखात्याकडं अडतो, त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा माणूस लागतो, पाच वर्षांनी गाशा गुंडाळणारा नाही.

तरी मी त्याच मतदारसंघाचा हट्ट धरणार नाही. बेळगाव शहरात उत्तर, दक्षिण, ग्रामीण या हद्दी अशा गुंतल्यात की ग्रामीणमधल्या हिंडलग्याच्या माणसाचा सगळा दिवस उत्तरमध्ये जातो, आणि 2008 ला मतदारसंघांची पुनर्रचना झाली तेव्हा उचगाव मतदारसंघच गेला, माणसं तिथंच राहिली. म्हणून माझं मत असं की जिल्ह्यातल्या कुठल्यातरी मतदारसंघात किमान एक वर्ष नाव पायजे. बेळगाव जिल्ह्यात 18 जागा आहेत, तेवढ्यात माणसं मिळतात.

आता पुण्यात, कोल्हापुरात नोकरीला असलेल्या आपल्या पोरांसाठी, कारण हे त्यांना कुणी सांगत नाही. जांबोटीत जन्मलास, शेत तिथं, आई-बाबा तिथं, पण सोय म्हणून मतदान पुण्यात हलवलंस की तू महाराष्ट्राचा मतदार झालास, मग खानापुरात उभारता येत नाही, कोलारच्याला येतं. दोन्हीकडं नाव ठेवायला कायद्यानं बंदी आहे, तेव्हा तसलं काही करू नकोस. पण कामासाठी तात्पुरतं बाहेर गेलं म्हणून गावचं रहिवासीपण जात नाही, हेही त्याच कलम 20 मध्ये आहे, त्यामुळं गावाकडं येणं-जाणं असेल आणि परत यायचं असेल तर नाव घाईनं हलवू नका. हलवलं असेल आणि गावी परत राहायला आलात तर फॉर्म 8 भरा, तो बीएलओकडं, म्हणजे मतदान केंद्राची यादी बघणाऱ्या अधिकाऱ्याकडं मिळतो, ऑनलाइनही भरता येतो. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीपुरती यादीत भर घालता येत नाही, म्हणून हे आत्ताच बघून घ्या.