तुम्ही विचारलंत म्हणून: कबर कशाला शोधतेस?

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. ठाण्याच्या मशिदीत (आमच्या सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो) भेटणारे विचारतात, अश्दोदचे नातेवाईक विचारतात, तलाठ्यानेही विचारलं: "तुमची माणसं तर सगळी इस्रायलला गेली. आता कबरी शोधून काय करणार?" एकदाच लिहून टाकते.

जमिनीसाठी नाही, हे आधी. अलिबागकडचे गुंठ्याचे भाव ऐकले की लोकांना दुसरं काही सुचत नाही. आमचं नाव सातबाऱ्यावर कधी नव्हतंच. पणजोबांचा तेलाचा घाणा होता, शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या दिवशी, बंद असायचा, म्हणून गावाने 'शनवार तेली' म्हटलं. संपली नोंद.

नवगावचं स्मारक आहे की, असंही सुचवतात. जहाज फुटून आमचे पूर्वज तिथे लागले म्हणतात. असेल. पण ते सगळ्यांचं. मला आजीची आई हवी आहे.

१९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, सूचना निघाल्या: बेने इस्राएलांशी लग्न लावताना आईची आई, तिची आई ज्यू होती का, जमेल तितकं मागे जाऊन तपासा. उपोषणं, धरणी झाली, १९६४ मध्ये सरकारने आम्हाला पूर्ण ज्यू मानलं. त्या धामधुमीत आजीने मावशीला पत्रात आपल्या आईबद्दल लिहिलं: नाव, गाव, आणि 'विहिरीपलीकडच्या माळावर पुरलं'.

ती विहीर सापडली. पंप बसवलेला, शेजारी धुण्याचा दगड, त्यावर एक म्हातारी चादर आपटत होती. "काकी, माळावर कबरी होत्या का?" म्हणाल्या, "शनवारवाल्यांच्या व्हत्या ना. कंपाउंड घातला तवा जेसीबी फिरला." मग आपल्या पायाखालच्या दगडाकडे बघत राहिल्या. सासऱ्यांनी तो माळावरूनच आणला होता. त्यांनी सुनेला पहार आणायला लावली. दगड उलटला. चिखल, गांडुळं, हिब्रूची अर्धी ओळ आणि खाली देवनागरीत '…बाई'. पुढचं फुटलेलं. म्हातारीने हात जोडले. "बाय, आमाला ठाव नव्हता गं."

चिडायचं तरी कुणावर? पडलेला दगड उचलला माणसाने. आमच्यातलं कोण फिरकत होतं तिकडे?

भाऊ म्हणाला, ठाण्याला नेऊ. मी नको म्हटलं. '…बाई' आमचीच कशावरून? आणि दुसऱ्या कुणाची असेल, तर तिला गावाबाहेर काढणारी मी कोण? दगड तिथेच आहे, सुलटा, विहिरीपासून लांब. भावाला हे अजून पटलेलं नाही, मलाही रोज पटतं असं नाही.

पूर्वी मीच वडिलांना सुनवायचे, मेलेल्यांना दगड कशाला, कद्दिश ही मेलेल्यांसाठीची प्रार्थना म्हटली की झालं. आजही मला त्यात खोट दिसत नाही. पण कद्दिशला दहा पुरुष लागतात, ते कंपाउंडबाहेर रस्त्यावर उभे करू? घरी मलिदा हा आमचा नैवेद्य केला, पोहे-नारळ, एलियाहू हानाबी या प्रेषिताचं नाव घेतलं. बरं वाटलं. पुरलं नाही.

आता माळाच्या जुन्या नकाशासाठी भूमी अभिलेखात अर्ज दिलाय. म्हणजे तुम्ही परत विचारणार, जमीन हवीय का? नको हो. गेटच्या आत दहा माणसं पंधरा मिनिटं उभी राहू देत, एवढंच. मालक फोन उचलत नाही.